विकलेले परत घेता येते का? : कॅलिफोर्नियाच्या कलम १७५००.६ वर भाष्य

प्रास्ताविक

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात जॅकी अर्विन यांनी मांडलेले असेंब्ली बिल २४२६ सप्टेंबर २०२४मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांच्या सहीने मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२५पासून अमलात आले. त्याने राज्याच्या व्यापारविषयक संहितेत १७५००.६ हे नवे कलम घातले. चित्रपट, संगीत, पुस्तके आणि व्हिडिओ गेम या सगळ्यांच्या डिजिटल विक्रीला ते लागू आहे. प्रस्तुत भाष्य गेमपुरते मर्यादित आहे, कारण टिकाऊपणाचा प्रश्न तिथे सर्वांत बिकट होतो. पुस्तक वाचायचे आणि चित्रपट पाहायचा असतो. गेम चालवावा लागतो. त्याला ठरावीक यंत्र लागते, ठरावीक प्रणाली लागते आणि हल्ली पुष्कळदा कंपनीचा दूरचा सर्व्हरही लागतो.

गेम खेळणाऱ्यांत एक जुना वाद आहे : डिस्क घ्यावी की डाउनलोड? डिस्क आपली, डाउनलोड कंपनीचे, असे एक पक्ष म्हणतो. डिस्क खराब होते, डाउनलोड पुन्हा घेता येते, असे दुसरा म्हणतो. हा वाद सोडवण्यासाठी काही हे कलम लिहिलेले नाही. तरीही त्याच्या अगदी शेवटच्या अपवादात या वादाचा निकाल लावणारी कसोटी आहे. तिथे पोहोचण्याआधी आधीच्या ओळी नीट लावल्या पाहिजेत. मूळ इंग्रजी मजकुराचे मराठी रूपांतर भाष्यकाराचे आहे. लांब वाक्ये आशयानुसार तोडली आहेत.

१. «डिजिटल वस्तूच्या विक्रेत्याने 'विकत घ्या', 'खरेदी करा', किंवा आपल्याला निर्बंधरहित मालकी मिळते असे वाजवी माणसाला वाटेल असा दुसरा कोणताही शब्द वापरून ती वस्तू जाहिरातणे वा विक्रीस मांडणे बेकायदा आहे…»

आधी या कलमाची जागा पाहावी. ते खोट्या जाहिरातींविषयीच्या प्रकरणात आहे. मालकी कोणाची हे ते ठरवत नाही. दुकानदाराने काय बोलावे एवढेच ठरवते. पुढची प्रत्येक ओळ वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल.

'वाजवी माणूस' हा कायद्यातला नेहमीचा काल्पनिक माणूस. त्याला पैसे मोजल्यावर मालकी मिळाली असे का वाटते? तो भोळा आहे म्हणून नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८मध्ये बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात ठरवले, की पुस्तकाची प्रत एकदा विकली की तिची पुढची किंमत ठरवण्याचा प्रकाशकाचा हक्क संपतो. हेच तत्त्व आज अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९मध्ये आहे. प्रत विकावी, उसनी द्यावी, वारसाला ठेवावी. गेमच्या जुन्या कॅसेटी आणि सीडी यांचा दुसऱ्या हातचा बाजार याच पायावर उभा राहिला. वाजवी माणसाची समजूत ही शतकभराच्या कायदेशीर अनुभवातून आलेली आहे.

ती किती पक्की आहे हे २०१३च्या जूनमध्ये दिसले. एक्सबॉक्स वन या यंत्राला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल आणि डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधने असतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. सोनीने उत्तरादाखल काही सेकंदांची चित्रफीत काढली : एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमची डबी देतो, संपले. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात माघार घेतली. डिस्कवरचा हक्क खेळणाऱ्यांनी राखला खरा, पण पुढच्या दशकात ते स्वतःच सोयीसाठी डाउनलोडकडे वळले आणि ज्या बंधनांना नकार दिला होता ती त्या वाटेने आली.

इथे एक शंका येते. डिस्कवर तरी मालकी निर्विवाद होती का? नाही. कॅलिफोर्निया ज्या न्यायक्षेत्रात येते त्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१०मध्ये वर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात सीडीवर आलेल्या सॉफ्टवेअरबाबतही ग्राहक हा मालक नसून परवानाधारक आहे, असा निर्णय दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२मध्ये यूज्डसॉफ्ट खटल्यात उलट दिशा धरली : पूर्ण मोबदला घेऊन मुदतीविना दिलेला परवाना ही विक्रीच होय, मग सॉफ्टवेअर डाउनलोडने का मिळेना. त्या आधारावर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९मध्ये स्टीम या डिजिटल दुकानावरील गेमची पुनर्विक्री मान्य केली. २०२२मध्ये अपिलात तो निकाल फिरला. म्हणजे कॅलिफोर्नियात सीडीवरची प्रत परवान्याची ठरली, आणि युरोपात, निदान सॉफ्टवेअरबाबत, डाउनलोड केलेली प्रत विकलेली ठरली. वस्तू कशावर आली यावरून हक्क ठरतो हे गृहीतक न्यायालयातही टिकलेले नाही.

२. «…किंवा मुदतीच्या भाड्याच्या पर्यायाशेजारी ती मांडणे…»

हा तुकडा मुख्यतः चित्रपटांच्या दुकानांसाठी आहे. 'भाड्याने' आणि 'विकत' अशी दोन बटणे शेजारी असली की दुसरे बटण कायमचे वाटते. गेमच्या दुकानांत अशी मांडणी क्वचितच दिसते.

३. «…जोवर पुढीलपैकी एक घडत नाही : (क) प्रत्येक व्यवहाराच्या वेळी विक्रेता खरेदीदाराकडून स्पष्ट कबुली घेतो, की आपल्याला वस्तू वापरण्याचा परवाना मिळत आहे, परवान्याच्या निर्बंधांची व अटींची पूर्ण यादी ही आहे, आणि विक्रेत्याकडे त्या वस्तूचा हक्क न उरल्यास तो प्रवेश एकतर्फी काढून घेऊ शकतो…»

कबुलीच्या तीन भागांतला तिसरा सर्वांत जड आहे. 'हक्क न उरल्यास' हे शब्द गेमच्या घडणीशी जुळतात. गेममध्ये गाणी दुसऱ्याची, मोटारींची नावे तिसऱ्याची, पात्रे चौथ्याची असतात आणि प्रत्येकाच्या कराराला मुदत असते. २०१०चा 'स्कॉट पिलग्रिम' हा गेम २०१४च्या डिसेंबरात दुकानांतून काढला गेला आणि २०२१च्या जानेवारीत परत आला. मधली सहा वर्षे नव्या ग्राहकाला तो मिळायला कायदेशीर वाट नव्हती, कारण त्याची डिस्क तोवर निघालीच नव्हती. 'फोर्झा होरायझन ४'ची विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी अशाच कारणाने थांबली.

मात्र यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. विक्री थांबणे एक, विकलेल्याचा प्रवेश थांबणे दुसरी. फोर्झा ज्यांनी आधी घेतला ते अजून खेळू शकतात. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांवरची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली, पण आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली. ती सोय हा निन्टेन्डोचा चालू निर्णय आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. तरी विक्री बंद झाल्याच्या दिवशी प्रवेश बंद झाला नाही.

युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे तसे झाले नाही. २०१४च्या डिसेंबरात आलेला हा मोटारशर्यतीचा गेम एकट्यानेही खेळता येई, पण त्याला सतत सर्व्हर लागे. डिसेंबर २०२३मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. डाउनलोड घेतलेल्यांचा गेम गेला आणि डिस्क घेतलेल्यांचाही गेला. कपाटातली डिस्क शाबूत होती, तिच्यावरून गेम चालत नव्हता.

आता कलमाचे शब्द या घटनेला लावून पाहा. युबिसॉफ्टकडे गेमचा मूळ हक्क उरला नव्हता असे नाही. गेम त्यांचाच होता. सर्व्हर बंद करण्याचा निर्णयही त्यांचाच होता. तिसऱ्या भागात फक्त हक्क संपण्याचा उल्लेख आहे. हक्क असूनही गेम बंद करण्याचा नाही. ते कारण फार तर 'अटींच्या पूर्ण यादीत' कुठेतरी बसेल. ज्या प्रकरणाने हा विषय ऐरणीवर आणला, नेमके तेच कलमाच्या सर्वांत कडक ओळीतून निसटते.

सर्व्हर बंद करणे अपरिहार्य आहे, त्याला खर्च असतो, हा कंपन्यांचा पूर्वपक्ष. तो अर्धा खरा आहे. सर्व्हर कायम चालू ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण 'द क्रू'च्या पुढच्या भागांना ऑफलाइन चालण्याची सोय देऊ, असे युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, अग्रक्रमाची होती. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले. गेम चालू ठेवण्याची सोय द्या किंवा पैसे परत द्या, असे दोन मार्ग त्यातून दिसतात. कलम यातला एकही मागत नाही.

४. «…किंवा (ख) व्यवहारापूर्वी विक्रेता असे ठळक व स्पष्ट निवेदन देतो, की ही 'खरेदी' म्हणजे परवाना आहे, आणि परवान्याच्या तपशिलाकडे नेणारा दुवा, क्यूआर कोड वा तत्सम साधन देतो.»

कलमाची खरी गळती 'किंवा' या जोडणीत आहे. (क) मार्गात प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो हे ग्राहकाकडून वदवून घ्यावे लागते. (ख) मार्गात ते सांगायची गरज नाही. 'हा परवाना आहे' एवढे म्हणून अटींचा दुवा दिला की झाले. दोन दारांपैकी एक सताड उघडे असेल तर दुसऱ्यातून कोण जाईल? स्टीमने कायदा अमलात येण्याआधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये, पैसे भरण्याच्या पानावर एका ओळीची सूचना लावली : डिजिटल वस्तूची खरेदी म्हणजे स्टीमवर त्या वस्तूचा परवाना. त्याच दिवसांत जीओजी या पोलंडच्या दुकानाने, आमचे ऑफलाइन इन्स्टॉलर तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, अशी जाहिरात केली. जीओजीच्या दाव्याकडे आठव्या ओळीत वळू.

परवान्याची ही कल्पना मुंबईच्या वाचकाला पागडीवरून चटकन कळेल. घराच्या किमतीच्या जवळ जाणारी रक्कम मोजायची, तरी मालक दुसराच. फरक एवढा, की पागडीच्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे आणि मालकाचा वाटा देऊन जागा दुसऱ्याला देताही येते. स्टीमच्या करारानुसार खाते दुसऱ्याला देता येत नाही. पूर्ण किंमत मोजणाऱ्या गेमच्या ग्राहकाचे हक्क पागडीवाल्याहून कमी आहेत.

५. «निवेदन इतर अटींपासून वेगळे असावे… 'ठळक व स्पष्ट' म्हणजे आजूबाजूच्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात, वेगळ्या टाइपात वा रंगात, किंवा खुणांनी वेगळे केलेले…»

अक्षरांच्या आकाराचे नियम आवश्यक असतात. अटींच्या गर्दीत महत्त्वाचे वाक्य लपवण्याची कला जुनी आहे. पण मोठ्या अक्षरात छापलेले अपुरे सत्य अपुरेच राहते.

६. «हे कलम पुढील बाबींना लागू नाही : (क) वर्गणी चालू असेपर्यंतच प्रवेश देणारी सेवा…»

वर्गणी भरणाऱ्याला मालकीचा भास होत नाही, तेव्हा फसवणूकही नाही; ग्राहक कायदा म्हणून अपवाद बरोबर आहे. दीर्घकाळाचा विचार केला की चित्र बदलते. युबिसॉफ्टच्या वर्गणी विभागाचे संचालक फिलिप ट्रेंब्ले यांनी जानेवारी २०२४मधल्या मुलाखतीत म्हटले, की वर्गणीचा धंदा वाढायचा तर गेम स्वतःच्या मालकीचे नसण्याची खेळणाऱ्यांना सवय व्हायला हवी. अडीच महिन्यांनी त्याच कंपनीने 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले. जो गेम केवळ वर्गणीतच मिळेल त्याची प्रत कोणाच्याच घरी असणार नाही, आणि कंपनीने तो काढला की संग्रहालयालाही मिळवायला जागा उरणार नाही.

७. «(ख) पैशाचा मोबदला न घेता दिलेली डिजिटल वस्तू…»

हिदेओ कोजिमा यांचा 'पी. टी.' हा छोटा भयगेम ऑगस्ट २०१४मध्ये प्लेस्टेशन ४वर फुकट आला. तो 'सायलेंट हिल' मालिकेतल्या पुढच्या गेमची झलक होता. तो मोठा गेम रद्द झाला आणि एप्रिल २०१५च्या अखेरीस कोनामी या कंपनीने 'पी. टी.' दुकानातून काढला. नंतर तो पुन्हा उतरवूनही घेता येईना; ज्यांच्या यंत्रात होता त्यांच्याच यंत्रात राहिला. पुढच्या अनेक भयगेमांवर त्याची छाप आहे. कोणी पैसे दिले नव्हते, म्हणून या कलमाच्या दृष्टीने काहीच हरवले नाही.

ग्राहक कायदा कोणाचे पैसे बुडाले हे पाहतो, आणि त्याने तेच पाहावे. पण काय वाचले आणि काय नष्ट झाले हे पाहणारे कोणी तरी हवे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी जुलै २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी हे गेम संशोधकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये नाकारली. संशोधकाने ग्रंथालयात जाऊनच गेम पाहायचा, मग ते हजार मैलांवर का असेना. म्हणजे डिस्क नीट जपली तरी ती वापरू देण्याचा कायदा नसेल तर जपणूक अर्धीच राहते.

जपानची राष्ट्रीय डाएट ग्रंथालय संस्था ऑक्टोबर २०००पासून डिस्क, कॅसेट अशा रूपात निघालेली इलेक्ट्रॉनिक प्रकाशने कायद्याने जमा करून घेते. त्यात गेमही आहेत. आपल्याकडे १९५४चा ग्रंथ वितरण कायदा प्रकाशकाला कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायला लावतो, पण तो छापील पुस्तके आणि वृत्तपत्रांपुरता आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढला. पुण्यात छापलेली एखादी पुस्तिका मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोहोचवणे बंधनकारक आहे; 'राजी'साठी असे बंधन नाही.

८. «(ग) व्यवहारानंतर विक्रेता जिचा प्रवेश काढून घेऊ शकत नाही अशी वस्तू, यात खरेदीच्या वेळी बाह्य साठवणीवर कायमचे ऑफलाइन डाउनलोड उपलब्ध करून देणे व इंटरनेटच्या जोडणीविना ती वापरता येणे याचा समावेश होतो.»

हे कलमाचे मर्म. अपवाद म्हणून लिहिलेल्या या वाक्यात विक्रीची व्याख्या दडली आहे : जे परत घेता येत नाही ते विकलेले. कसोटीचे प्रश्न तीन. विक्रेता ते काढून घेऊ शकतो का? ते त्याच्या यंत्रणेबाहेर आपल्याजवळ ठेवता येते का? इंटरनेटविना चालते का? वस्तू डिस्कवर आली की तारेतून आली हे कसोटी विचारतच नाही.

एकेक वस्तू तपासू. नव्वदच्या दशकातली निन्टेन्डोची कॅसेट तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण. जीओजीवरून उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवलेला इन्स्टॉलरही उत्तीर्ण, एकही डबी नसताना. 'द क्रू'ची डिस्क नापास. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २च्या गेम-की कार्डांमध्ये गेम नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. दुकानात ती डबीत मिळतात, तरी नापास. डाएट ग्रंथालयानेही अशा कार्डात मूळ आशयच नसल्याने ती संग्रहासाठी घेता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली आहे. ग्रंथपालांनी केलेली ही वर्गवारी कलमाच्या कसोटीशी तंतोतंत जुळते.

कधी कधी साधनच फितूर होते. प्लेस्टेशन ४मधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि यंत्र सोनीच्या सर्व्हरशी वेळ जुळवू शकले नाही, तर डिस्कवरचे गेमही चालत नसत. सप्टेंबर २०२१च्या अद्ययावत प्रणालीने हा दोष काढला. तोवर प्लेस्टेशन ४ची प्रत्येक डिस्क, नकळत, एका दूरच्या घड्याळावर अवलंबून होती.

पहिली शंका : गेम-की कार्ड निदान दुसऱ्याला विकता येते, जीओजीची फाइल विकता येत नाही. मग वरचढ कोण? समाधान : हस्तांतर आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत. कार्डाला पहिला आहे, दुसरा सर्व्हर चालेपर्यंतच. फाइलला दुसरा आहे, पहिला नाही. जुन्या कॅसेटीत दोन्ही एकत्र होते, म्हणून आपण ते एकच समजलो.

दुसरी शंका : माध्यम झिजतेच. डिस्कचा परावर्तक थर खराब होतो, कॅसेटीतली खेळाची नोंद जपणारी बॅटरी संपते. मग परत घेता न येण्याचा उपयोग काय? समाधान : टिकते ते माध्यम नव्हे, प्रतींची परंपरा. जुन्या पोथ्याही नकलांनीच वाचल्या. नक्कल रोखणारे कुलूप नसलेली फाइल दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवता येते. कुलूपबंद डिस्कची नक्कल करायची तर अमेरिकेत १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचे कलम १२०१ आड येते. दीर्घकाळात खुली फाइल कुलूपबंद डिस्कपेक्षा अधिक टिकाऊ ठरते, हा डिस्कप्रेमींना न रुचणारा पण टाळता न येणारा निष्कर्ष आहे.

निर्णय

कलम १७५००.६ ग्राहकाला सत्य सांगते, हक्क देत नाही. आणि 'किंवा'च्या सोयीमुळे सत्यही निम्मेच सांगते. त्याची खरी किंमत आठव्या ओळीतल्या कसोटीत आहे. ती आज विक्रेत्याला निवेदनातून सूट देण्यासाठी वापरली आहे. तिचे कर्तव्यात रूपांतर व्हायला हवे. युरोपात 'स्टॉप डिस्ट्रॉइंग व्हिडिओगेम्स' या नागरिक-उपक्रमाने जुलै २०२५मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्याची मागणी हीच आहे : सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम चालेल अशा अवस्थेत सोडा.

भारताच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने आधीच आहेत. त्यामुळे नवा पाया घालायची गरज नाही; गेम सर्व्हरविना चालतो का आणि चालत नसेल तर किमान कधीपर्यंत चालवला जाईल, हे किमतीशेजारी छापायला लावणारा नियम पुरेसा आहे. तो होईपर्यंत वाचकाने डबी आहे की नाही हे पाहण्याआधी इंटरनेट बंद करून गेम सुरू होतो का हे विचारावे, आणि ज्या दुकानातून ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो तिथून तो उतरवून दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवावा.